बारा वर्षांचं पुरातन देऊळ : इसेमधले चार दिवस

गेल्या जूनमध्ये टीव्हीवर एक बातमी पाहिली आणि बाबांना लगेच व्हिडिओ पाठवला. जपानमधल्या नागानोच्या किसो डोंगरात पांढऱ्या कपड्यातले काही लोक एका भल्यामोठ्या हिनोकीच्या झाडाभोवती उभे राहून तीन बाजूंनी कुऱ्हाडी घालत होते. करवत नव्हती, यंत्र नव्हतं. बुंधा आतून पोखरत जायचा, शेवटी तीन पायांवर झाड उभं ठेवायचं आणि मग त्यातला एक पाय तोडून हव्या त्या दिशेला अलगद निजवायचं. इसेच्या देवळाच्या पुढच्या बांधणीसाठी तोडलेली ही पहिली झाडं.

शिरोड्याजवळच्या आमच्या गावात बाबांनी पन्नास वर्षं सुतारकाम केलं. त्याआधी आजोबांनी केलं. व्हिडिओ पाहून त्यांचा फोन आला. मी सांगितलं, की हे देऊळ दर वीस वर्षांनी शेजारच्या जागेवर जसंच्या तसं नव्याने बांधतात आणि मग जुनं उतरवतात. पहिल्यांदा हे 690 साली झालं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "पाडतत? आणि परत तसांच बांधतत? माका दाखव."

त्या शांततेमागचं कारण मला ठाऊक होतं. तीन वर्षांपूर्वी आमच्या गावातल्या देवळाचा लाकडी सभामंडप उतरवला आणि तिथे स्लॅब पडला. फणसाचे खांब, त्यांवर आजोबांनी कोरलेली कमळं, आईनाच्या तुळया, सगळं दोन दिवसांत खाली आलं. बाबा त्या दोन दिवसांत जेवले नाहीत.

नोव्हेंबरच्या शेवटी ते नागोयाला माझ्याकडे आले, आणि आम्ही दोघं निघालो.

पहिला दिवस : फुतामी

जुने यात्रेकरू इसेला जाण्याआधी फुतामीच्या किनाऱ्यावर समुद्रस्नान करत. तोच क्रम धरायचा ठरवलं. नागोयाहून 'मिए' ही जलदगाडी थेट फुतामिनोउरा स्टेशनला जाते. दोन तासांच्या आत पोचलो. तिथून समुद्राकडे पंधरा मिनिटं चालत.

इथे पाण्यात दोन खडक उभे आहेत, एक नऊ मीटर उंचीचा आणि दुसरा चार. मेओतो इवा, म्हणजे नवरा-बायकोचे खडक. दोघांमध्ये भाताच्या पेंढ्याचे जाड दोर बांधलेले असतात. खाऱ्या वाऱ्याने ते झिजतात, म्हणून वर्षातून तीन वेळा बदलतात : मे, सप्टेंबर आणि डिसेंबरात. आम्ही गेलो तेव्हाचे दोर सप्टेंबरात चढवलेले. पेंढा करडा पडला होता, सुटलेल्या काड्या वाऱ्यावर फडफडत होत्या. हे खडक म्हणजे देव नव्हेत. समोर समुद्रात बुडालेला एक पवित्र खडक आहे, त्याचं आणि उगवत्या सूर्याचं हे दार. उन्हाळ्यात, मेपासून जुलैपर्यंत, सूर्य या दोघांच्या मधून उगवतो. आमच्या वाट्याला ढगाळ दुपार आली. बाबांनी चपला काढल्या, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उतरून तोंडावर दोन ओंजळी मारल्या. पाणी बर्फासारखं गार होतं. ते मात्र वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर उभे असावेत तसे निवांत.

देवळाच्या आवारात जिकडे तिकडे दगडी बेडूक आहेत. जपानीत बेडकाला 'काएरु' म्हणतात आणि घरी परतण्यालाही 'काएरु'च. लांबच्या वाटेला निघालेले लोक सुखरूप परतायचा नवस इथे बोलत आणि फेडायला बेडूक आणून ठेवत.

बाबांचं मन खरं रमलं ते मिठाच्या गोष्टीत. इसेच्या देवाला लागणारं मीठ बाजारातून येत नाही. इसुझू नदी समुद्राला मिळते तिथे देवळाचं स्वतःचं मिठागर आहे. ऐन उन्हाळ्यात तिथे खारं पाणी आटवतात, मग फुतामीतल्या एका छोट्या देवळात ते मीठ मातीच्या तिकोनी साच्यांत भरून भाजतात. त्याचे घट्ट त्रिकोणी खडे होतात. आमच्या शिरोड्याला मिठागरं आहेत. 1930 चा मिठाचा सत्याग्रह तिथलाच, त्यामुळे मीठ आमच्याकडे नुसतं चवीपुरतं कधीच नव्हतं. नदीचं गोडं पाणी मिसळलेलं मीठ कसं लागत असेल, असं बाबा दोनदा म्हणाले.

रात्री इसे शहरात एका लहानशा घरगुती उतारघरात राहिलो. मालकीणबाई सत्तरीच्या. बाबा सुतार आहेत कळल्यावर त्यांनी भिंतीवरचा फोटो काढून आणला. 2007 साल, पांढरा अंगरखा घातलेली त्यांची मुलगी आणि मागे माणसांची रांग, सगळ्यांच्या हातात एकच दोर. नव्या देवळाचे ओंडके गावकऱ्यांनी ओढून न्यायचे, अशी रीत आहे. गेकू या बाहेरच्या देवळाचे ओंडके गाड्यांवर रस्त्याने, नाइकू या आतल्याचे नदीच्या पाण्यातून. बाईंनी स्वतः त्याआधीच्या खेपेला, 1987 मध्ये दोर धरला होता. पुढची ओढणी 2026 आणि 2027 मध्ये. आता नातवाची पाळी. सांगताना त्यांनी दोन्ही मुठी आवळून दोर ओढल्यासारखं केलं आणि बाबांनीही बसल्याजागी तसंच केलं. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती.

दुसरा दिवस : गेकू

इसेचं देऊळ म्हणजे एक देऊळ नाही. मोठी-लहान मिळून 125 देवस्थानं आहेत. त्यांतली मुख्य दोन : गेकू, म्हणजे बाहेरचं, आणि नाइकू, आतलं. नाइकूत सूर्यदेवी आमातेरासु, गेकूत तिला अन्न पुरवणारी तोयोउके. आधी गेकू आणि मग नाइकू, हा क्रम. आधी अन्नपूर्णेला भेटायचं, हे बाबांना सांगावं लागलं नाही.

गेकू स्टेशनपासून अगदी जवळ आहे. तोरीईपाशी, म्हणजे देवळाच्या कमानीपाशी, वाकून नमस्कार केला. इथे वाटेच्या डाव्या बाजूने चालतात, नाइकूत उजव्या. मधली वाट देवाची. कुंडावर लाकडी पळीने आधी डावा हात, मग उजवा, मग चूळ. नंतर झाडी सुरू झाली आणि रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज तुटला. आमच्याकडच्या देवराईत शिरताना होतं तसंच.

गेकूत रोज दोनदा, सकाळी आणि संध्याकाळी, देवांना नैवेद्य असतो. दीड हजार वर्षं तो चुकलेला नाही अशी श्रद्धा आहे. अग्नी लाकडावर लाकूड घासून पाडतात, पाणी आवारातल्याच विहिरीचं, भात देवळाच्या शेतातला, मीठ काल ऐकलं ते. वाढण्याची मातीची भांडीसुद्धा स्वतः घडवलेली.

मुख्य देवळाला चार कुंपणं आहेत. आपण बाहेरच्या दाराशी थांबायचं, समोर पांढरा पडदा. दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, पुन्हा एकदा वाकायचं. पडदा हलला तर आतलं थोडं दिसतं. वर पाहिलं तर आढ्याच्या टोकांना आकाशात गेलेले दोन दोन तिरके वासे, आणि आढ्यावर आडवे ठेवलेले गोल ओंडके. मी मोजले, नऊ. नाइकूत दहा असतात. तिरक्या वाशांची टोकं इथे उभी कापलेली, तिथे आडवी.

शेजारी तेवढ्याच आकाराचं एक मोकळं अंगण आहे. पांढरे-करडे गोटे पसरलेले आणि मधोमध एक इवलीशी लाकडी झोपडी, बाकी काही नाही. 2013 च्या ऑक्टोबरापर्यंत देऊळ इथे उभं होतं. 2033 साली ते इथेच परत येईल. झोपडीखाली गाभाऱ्याच्या मधल्या खांबाची जागा झाकून जपली आहे.

मी पुढे निघाले तरी बाबा तिथेच. त्यांचे डोळे कोपऱ्यांवरून फिरत होते, खांब कुठे येतील ते मोजत. आमच्या गावात मंडप उतरवल्यावर अशीच रिकामी जागा आठवडाभर होती. तेव्हा तिच्याकडे बघवत नव्हतं. इथे रिकाम्या जागेकडे लोक हात जोडून बघत होते.

वर ताका-नो-मिया नावाचं देऊळ आहे, 98 दगडी पायऱ्या चढून. मुख्य देवळासमोर स्वतःसाठी काही मागायचं नाही, तिथे फक्त आभार मानायचे, अशी इथल्या लोकांची समजूत. मनातलं बोलायचं ते ताका-नो-मियात. बाबांनी विचारलं, "गाऱ्हाणां घातलां तर चलात?" आजूबाजूला कोणी नव्हतं. मी म्हटलं, "हळू घाला."

"बा देवा म्हाराजा," त्यांनी सुरू केलं, अगदी खालच्या आवाजात, "आज ही तुझी लेकरां लांबसून तुझ्या दारात इली आसत..."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. गाऱ्हाण्याला साद द्यायला कोणी तरी लागतंच.

"जो हात हातयार धरता, त्या हाताक बळ दी. जो शिकवता, त्येका शिकणारो दी..."

"व्हय म्हाराजा."

एवढंच मागितलं. माझ्यासाठी, स्वतःसाठी काही नाही.

उतरताना ते देवळाच्या खांबांच्या पायाशी वाकून बघायला लागले. आपल्याकडे लाकडी खांब दगडी तळखड्यावर बसवतात, म्हणजे ओल चढत नाही. इथे खांब थेट जमिनीत पुरलेले. "ह्यो कुसतलो," बाबा म्हणाले, आणि थोडं थांबून, "म्हणान तर ईस वर्सांनी बदलतत." मग मान हलवली. "नाय. तळखडो ह्येंका म्हायत नाय असां कसां आसात? म्हायत आसा. तरी घालणत नाय."

बाबांचं बरोबर होतं. दगडी पायावर शेकडो वर्षं टिकलेली लाकडी देवळं याच जपानात आहेत. इसेत जुनी पद्धत जाणूनबुजून ठेवली आहे. वीसच वर्षं का, याचं कारण कुठल्याही जुन्या कागदात लिहून ठेवलेलं नाही. छपराचं गवत तेवढं टिकतं असं कोणी म्हणतात. मला पटतं ते कारण हातांचं : विशीत जो पोरगा लाकूड उचलून देतो, तो चाळिशीत कापतो आणि साठीत दुसऱ्याला सांगतो. पन्नास वर्षांनी बांधायचं ठरवलं असतं तर सांगणारा आणि ऐकणारा एकमेकांना भेटलेच नसते.

आवारातल्या तळ्याकाठी सेंगूकान हे संग्रहालय 2012 मध्ये उघडलं आहे. त्यात गेकूच्या मुख्य देवळाचा एक कोपरा खऱ्या आकारात उभा केला आहे. ज्याच्या जवळ जाता येत नाही ते इथे हाताच्या अंतरावर. खांब गोल, इतके गुळगुळीत रंधलेले की दिव्याचा उजेड त्यावर पाण्यासारखा ओघळत होता. रंग नाही, पॉलिश नाही. "काय लाकूड आसा गो ह्यां!" जपानी सुतार रंधा आणि करवत आपल्याकडे ओढून चालवतात, आपले लोक पुढे ढकलतात. हे मी सांगितल्यावर बाबांनी उभ्याउभ्या हवेत रंधा ओढून पाहिला. खांदा कसा वळतो ते अजमावत होते.

देवळाबरोबर देवाच्या वस्तूही नव्या होतात : वस्त्रं, तलवारी, धनुष्यं, खोगीर, विणण्याची हत्यारं, 714 प्रकारच्या 1,576 वस्तू. प्रत्येकीचा कारागीर वेगळा.

तिथेच मला एक गोष्ट सविस्तर कळली, जी या सगळ्या प्रवासात मनात राहिली. ही परंपरा अखंड नाही. यादवीच्या काळात पैसा आटला आणि बांधणी थांबली. गेकू 1434 नंतर थेट 1563 मध्ये बांधलं गेलं, नाइकू 1462 नंतर 1585 मध्ये. सव्वाशे वर्षं! म्हणजे ज्यांनी पाहिलं होतं त्यांची नातवंडंसुद्धा गेलेली. गेकू पुन्हा उभं राहिलं ते सेइजुन नावाच्या एका बौद्ध भिक्षुणीमुळे. तिने वर्गणीसाठी हिंडून पैसा जमवला. मी हे बाबांना मराठीत सांगत होते आणि ते मला परत परत विचारत होते, "सव्वाशे वर्सां? आणि मगे परत केलांनी?"

संध्याकाळी ते फारसे बोलले नाहीत. इसे उदोन खाल्ले : बोटाएवढ्या जाड, खूप वेळ उकडून मऊ केलेल्या शेवया आणि तळाला काळा दाट रस्सा. दात कमी असलेल्या माणसाला हे जेवण फार सोयीचं. बाबांनी वाडगा पुसून काढला.

तिसरा दिवस : नाइकू

नाइकू पहाटे पाचला उघडतं. सहाच्या सुमाराला उजी पुलापाशी पोचलो. पूल 100 मीटरहून थोडा लांब, सगळा लाकडी, दोन्ही टोकांना तोरीई. डिसेंबरात, दिवस सर्वांत लहान असतो तेव्हा, सूर्य बरोबर या तोरीईच्या मधून वर येतो. आम्ही गेलो तेव्हा तो किंचित बाजूला उगवला. इसुझूवर धुकं होतं आणि ऊन आलं तशी पुलाची फळी न् फळी वाफाळायला लागली.

पूलही वीस वर्षांनी बदलतात, पण देवळाच्या चार वर्षं आधी. 1949 ची देवळाची बांधणी युद्धात हरलेल्या जपानला झेपली नाही, ती 1953 वर गेली. पूल मात्र लोकांनी ठरल्या वेळी बांधला. तेव्हापासून हे अंतर पडलं. आत्ताचा पूल 2009 चा. त्याच्या फळ्या होड्या बांधणाऱ्या सुतारांच्या रीतीने जुळवतात, फटीतून पाणी खाली झिरपू नये म्हणून. नदीत पुलाच्या वरच्या अंगाला खांबांची एक रांग नुसतीच उभी दिसते. पुरात वाहून येणारे ओंडके पुलावर न आपटता त्या खांबांनी अडवायचे. बाबा फळ्यांच्या सांध्यांवरून चपलेचं टोक फिरवत चालले. मध्ये एकदा खाली बसून बोट फिरवलं आणि मला ओढून दाखवलं : गाठीचं लाकूड तेवढं वर राहिलेलं, भोवतीचं पावलांनी खोल गेलेलं. सोळा वर्षांत एवढं.

आत नदीवर दगडी घाट आहे. 1692 साली शोगुन त्सुनायोशीच्या आईने बांधून दिलेला. कुंडाऐवजी इथेच हात धुतले. पाण्यात लाल मेपलची पानं आणि जाडजूड कोई मासे.

मुख्य देवळाच्या पायऱ्यांखालीच फोटो थांबवायचे. वर पुन्हा पडदा. इथे आत आरसा आहे, पवित्र, कोणालाही न दिसणारा. गर्दी अजून नव्हती. शेजारच्या बाईंनी टाळी वाजवली, ती एवढ्या शांततेत लाकडावर लाकूड आपटल्यासारखी वाजली.

परतताना वाटेवर देवाच्या भाताचं कोठार लागतं, मिशिने-नो-मिकुरा. मुख्य देवळाच्याच धाटणीचं, फक्त लहान, आणि अगदी जवळून बघता येणारं. एव्हाना बारा वर्षांच्या पावसाने लाकूड रुपेरी झालं आहे, छपराच्या गवतावर शेवाळ. बाबा तिथे अर्धा तास होते. भिंतीच्या फळ्या कोपऱ्यात एकमेकींत कशा अडकवल्यात, ओझं कुठून कुठे उतरतं, ते मला बोटाने दाखवत होते. लहानपणी आजोबांच्या बाकावर बसून जे ऐकलं असेल ते असंच असणार. त्यांनी हे मला आजवर कधी सांगितलं नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

या देवळाचं स्वतःचं साडेपाच हजार हेक्टर रान आहे. 2013 च्या बांधणीला दहा हजारांच्या आसपास हिनोकी लागले, बहुतेक किसोचे. आपल्या लाकडावर आपलं देऊळ उभं राहावं म्हणून 1923 मध्ये दोनशे वर्षांची योजना आखून लागवड सुरू केली. शंभर वर्षं झाली. गेल्या बांधणीत सुमारे चौथा हिस्सा या रानातला होता. ज्यांनी रोपं लावली त्यांच्यातलं कोणी हे बघायला नाही.

बाहेर ओहाराइमाचीच्या जुन्या पेठेत आकाफुकु खाल्लं. हे दुकान 1707 पासूनचं. मऊ मोचीवर, म्हणजे तांदळाच्या चिकट गोळ्यावर, लाल घेवड्याचं गोड पुरण, त्यावर बोटांच्या तीन खुणा. त्या खुणा म्हणजे इसुझूचा प्रवाह आणि खालची पांढरी मोची म्हणजे तळाचे गोटे. मोदकाचं आतलं बाहेर केल्यासारखं लागतं, फार छान. याच पेठेतून 1830 साली काही महिन्यांत चाळीस लाखांवर लोक गेले. एरवी लोक गावागावांतून मंडळ्या करून, पै-पै साठवून, चिठ्ठी टाकून निघत. ज्यांना जमलं नाही त्यांनी गळ्यात पैसे बांधून आपला कुत्रा इतर यात्रेकरूंबरोबर पाठवला. वाटेतले लोक त्याला खायला घालत आणि पुढच्या गावापर्यंत पोचवत. आषाढीच्या वाटेवर भाकरी घेऊन उभी असलेली माणसं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे खोटं वाटणार नाही.

चौथा दिवस : कुवाना

परतीच्या वाटेवर कुवानाला उतरलो, ते केवळ एका तोरीईसाठी.

इसेचं जुनं लाकूड टाकत नाहीत. मुख्य देवळाचं आढं पेलणारे दोन उंच खांब असतात. देऊळ उतरवलं की नाइकूच्या खांबांची उजी पुलाच्या आतल्या टोकाची तोरीई होते, गेकूच्या खांबांची बाहेरच्या टोकाची. वीस वर्षांनी त्या तोरीई पुढे जातात : आतली जुन्या तोकाइदो रस्त्यावरच्या सेकी गावात, बाहेरची इथे कुवानाला, शिचिरी-नो-वाताशीच्या धक्क्यावर. तोकाइदोने येणारे यात्रेकरू सात री (अंतराचं जुनं जपानी माप) होडीतून येऊन इथे पाय ठेवत. इसेची पहिली कमान हीच.

स्टेशनपासून वीसेक मिनिटं चाललो. धक्का शांत, नदीवर करडं आभाळ. सध्याची तोरीई इथे 2015 मध्ये उभी झाली. त्याआधीची वीस वर्षं ती पुलाच्या तोंडाशी, आणि त्याआधी 1973 पासून गेकूचं आढं पेलत. मी मोठ्याने हिशेब केला. बाबा 1973 मध्ये एकोणीस वर्षांचे होते, आजोबांच्या हाताखाली आमच्या देवळाच्या मंडपाचे वासे बदलत होते.

लाकडाला उभ्या चिरा पडल्या होत्या. बाबा बराच वेळ उभे राहिले. मग माझ्याकडे फोन मागितला. भारतात तेव्हा सकाळचे साडेआठ. गावी चुलतकाकांना लावून दिला.

"देवळामागचे ते खांब आसत ना रे? किती रवले?" पलीकडून काही तरी उत्तर आलं. "पाच? बाकीचे?" पुन्हा उत्तर. बाबांनी डोळे मिटले आणि उघडले. "बरां. पाच तर पाच. ते कोणाक जळवूक देव नको. ताडपत्री घाल वयर, आणि खाली दगड लाव, मातयेर ठेव नको. मी येयसर कोणाक हात लावूक देव नको. आणि आयक, तुझो झील सुट्टीत घराक असता मां? त्येका माझ्याकडे धाड."